मागच्या पट्टीवरची खोली

मी, खाली सही करणारी, पडदे शिवणारी विधवा, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाविना लिहीत आहे. पुढच्या आठवड्यात माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. घाबरण्यासारखं काही नाही, असं डॉक्टर म्हणाले. पण म्हणताना खिडकीकडे बघत होते. शुद्धीचा पुरावा म्हणून नमूद करते की सात वर्षं नगरपालिकेत खेटे घालूनही मी आजवर कोणावर कात्री उगारलेली नाही.

कलम एक. राहतं घर, म्हणजे वरचा मजला आणि खालचं शिवणकामाचं दुकान, माझ्या लेकीला द्यावं. घरामागची जमिनीची पट्टीही तिचीच. पट्टी आपली असली तरी तिच्या पोटातून नगरपालिकेचा सांडपाण्याचा पाइप जातो, म्हणून वर पालिकेचा हक्क. परवानगीशिवाय तिथे वीट ठेवता येत नाही. कर मात्र आपणच भरायचा आहे.

कलम दोन. त्या पट्टीवर मला सासूबाईंसाठी एक खोली बांधायची होती, न्हाणीघरासह. त्यांचे गुडघे गेले. जिना उतरता येत नाही, म्हणून त्या वरच अडकल्या आहेत आणि गल्लीतल्या बातम्या माझ्याकडून वसूल करतात. दुकानात खाट टाकावी, तर खायचं काय?

परवानगी देणारे साहेब तसे भले. त्यांना आम्ही घरात 'परवा-या' म्हणतो, कारण त्यांचं प्रत्येक वाक्य तिथेच संपतं. ते म्हणाले, "पाइपचं झाकण नेमकं खाटेखाली येतंय. सफाईवाला आला तर आजींना हलवणार कोण?" मी खाटेला चाकं लावून घेतली आणि फोटो नेला. त्यांनी चष्मा लावून चाकं मोजली. "चाकं लावल्यावर खाट वाहनात मोडते का, ते तपासावं लागेल. परवा या."

अखेर तेही राजी झाले. मग नियमाप्रमाणे भिंतीवर नोटीस लागली: शेजाऱ्यांची हरकत असल्यास मुदतीत कळवावे. शेजारी एकच, भावजी. माझ्या दिवंगत नवऱ्याचे धाकटे भाऊ, म्हणजे सासूबाईंचे पोटचे चिरंजीव. त्यांनी हरकत घेतली. पहिल्यांदा पाइपवर भार येईल म्हणून, दुसऱ्यांदा त्यांच्या पेरूच्या झाडाचं ऊन अडेल म्हणून. तिसऱ्यांदा, लहानपणी खेळलेल्या त्या पट्टीशी त्यांच्या भावना जोडलेल्या आहेत म्हणून. दर हरकतीला अर्ज पुन्हा पहिल्यापासून. आईशी कोणत्या भावना जोडलेल्या आहेत, हे पालिका विचारत नाही.

सासूबाई एवढंच म्हणाल्या, "लहानपणापासून असाच आहे गं. जेवायला बोलावलं की आधी नको म्हणायचा, मग दोनदा वाढून घ्यायचा."

कलम तीन. दोन्ही शिलाई मशिनं आणि मोठी कात्री माझ्याबरोबर शिवणाऱ्या बाईला. तिने आता तरी पडद्याच्या चुण्या सारख्या घालाव्यात. पालिकेच्या सभागृहाचे पडदे आमच्याच हातचे आहेत. त्यामागे काय चालतं, याची जबाबदारी आमची नाही.

कलम चार. परवानगीआधी मी गेले, तर सासूबाईंचं काय? लेक परगावी नोकरीला. माणूस मृत्युपत्रात देता येत नाही, असं वकीलबाई म्हणतात. म्हणून भावजींना मी चाकांची खाट, उशाजवळची घंटा आणि औषधांचा डबा देते. हे सगळं त्यांच्या तळमजल्यावरच्या दिवाणखान्यात व्यवस्थित बसतं; पडद्यांचं माप घ्यायला गेले होते तेव्हा खात्री केली. खाटेमागोमाग सासूबाई येतीलच. त्याला पालिकेची परवानगी लागत नाही, हेही विचारून आले आहे.

नवरा गेला तेव्हा लोक म्हणाले, आता म्हातारीला धाकट्याकडे पाठव. मीच पाठवलं नाही. त्या नसत्या तर या घरात मी बोलले कोणाशी असते? शस्त्रक्रियेची मला फारशी भीती नाही. त्या एकट्या पडतील, याची आहे.

स्थळ: घराचा वरचा मजला, कारण दुसऱ्या साक्षीदाराला खाली उतरता येत नाही.
दिनांक: शस्त्रक्रियेआधीचा रविवार.

सही: पडदे शिवणारी

साक्षीदार पहिले: समोरचे औषधवाले. "माझ्यादेखत सही केली."

साक्षीदार दुसऱ्या: सासूबाई, स्वतःच्या अक्षरात. "सगळं वाचलं. धाकट्याकडे जायला माझी हरकत नाही. सून माझ्याआधी जाणार, याला आहे. मुदतीत कळवलं आहे."