धडा झाल्यावर न्याहारी

प्रिय चिऊ,

आजवर तुला लिहिलेल्या प्रत्येक पत्राच्या मायन्यात मी 'चि.' लिहिले आणि त्याखाली 'अनेक आशीर्वाद' लिहून पुढच्या मजकुराला हात घातला. आज 'प्रिय' लिहिले आहे. हात चुकलेला नाही. तीनदा वाचून पाहिले आणि तसेच ठेवले. तुझे पत्र येऊन सोळा दिवस झाले. आलेल्या पत्राला आठवड्याच्या आत उत्तर गेलेच पाहिजे, हा माझा नियम तुला ठाऊक आहे. तेव्हा बाबांची तब्येत बिघडली की काय, असे तुझ्या मनात येऊन गेले असेल. बिघडलेली नाही. आता दोन वेळा जेवतो, फिरायला जातो, वर्तमानपत्रातल्या शुद्धलेखनाच्या चुकांवर पेन्सिलीने खुणा करतो. पूर्वी एखादी चूक सापडली की दिवसभर चडफडत असे, आता खूण करतो आणि पान उलटतो. तुझी आई गेल्यापासून एकूणच काही वाटेनासे झाले आहे, हे तुला कळवायचे राहून गेले. फार दुःख आहे, असेही नाही. कानांना दडे बसल्यावर शेजारच्या खोलीतले बोलणे जसे ऐकू येते, तसे सगळे ऐकू येते, एवढेच.

तुझ्या ठकीला येत्या सुट्टीत दोन महिने माझ्याकडे पाठवू का, असे तू विचारले आहेस. नव्या शाळेची प्रवेशपरीक्षा आहे, जागा थोड्या आहेत, आणि तिची तयारी माझ्या हातून व्हावी अशी तुझी इच्छा आहे. तू लिहितेस, 'बाबा, तुम्ही मला जसं बसवून घ्यायचात ना, अगदी तसंच तिला बसवा. इथे मी करतेच आहे. पाढे झाल्याशिवाय दुधाचा पेला हातात देत नाही. पण डोकं तिचं माझ्यावर गेलंय, मठ्ठच. सातच्या पाढ्यात अडकली की भिंतीकडे बघत बसते नुसती.' हे तू गमतीत लिहिलेस. पुढे दोन उद्गारचिन्हेही दिलीस. हो किंवा नाही, एवढेच उत्तर हवे होते आणि ते देता देता मी सोळा दिवस घालवले. ते कसे गेले हे आधी सांगतो. उत्तर त्यातूनच येईल.

गेल्या महिन्यात मी खालच्या मजल्यावरच्या शिंप्याकडे एक विजार आखूड करायला टाकली. आठ दिवसांनी तीच विजार पुन्हा आखूड करायला टाकली. तिसऱ्यांदा घेऊन गेलो तेव्हा त्याने ती टेबलावर पसरली, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, 'सर, आता काय हाफपँट शिवायचीय का? सांगा तसं, शिवतो. खिसे तेवढे वर घ्यावे लागतील.' तो हसला, मीही हसलो. पण दुसऱ्या दिवशी तो दुकान बंद ठेवून मला रुग्णालयात घेऊन गेला. तिथे म्हाताऱ्या माणसांची स्मरणशक्ती तपासणारा एक स्वतंत्र विभाग आहे. तपासणी तीस गुणांची असते, असे कळल्यावर मी परीक्षेला जावे तसा गेलो. पहाटे साडेतीनपासून जागाच होतो. सकाळी काही खाल्ले नाही. मधुमेहाची गोळी मात्र घेतली, कारण औषधाची वेळ चुकवणे मला मान्य नाही.

डॉक्टरबाई वयाने तुझ्याहून बरीच लहान. तिने मला पाच शब्द सांगितले आणि ते शेवटी विचारीन असे बजावले. मग आजची तारीख, वार, आपण कितव्या मजल्यावर आहोत, शंभरातून सात वजा करत जा, घड्याळाचे चित्र काढा. घड्याळात मी बाराचे दोन आकडे काढले. वजाबाकी शहाऐंशीपाशी थांबली. तिथे मला शब्दशः काहीच दिसेना. समोरच्या भिंतीवर एक खिळा होता, तेवढा दिसत होता. मग ती म्हणाली, आजोबा, मनात येईल ते एक वाक्य लिहा. मी कर्ता, कर्म, क्रियापद, विरामचिन्हे यथास्थित असलेले दीड ओळीचे वाक्य लिहिले. त्याला एक गुण. अर्थ लागला की पुरे, म्हणे. पाच शब्दांपैकी मला शेवटी एकच आठवला. तीसपैकी सतरा गुण मिळाले. चिऊ, मी आयुष्यात कोणत्याही परीक्षेत एवढे कमी गुण मिळवलेले नाहीत. तरी मला काहीही वाटले नाही. हात तेवढे थरथरत होते आणि सदरा पाठीला चिकटला होता.

तिनेच ते पाहिले. परिचारिकेकडून माझ्या बोटाला सुई टोचवली, आकडा पाहिला आणि विचारले, 'सकाळपासून काय खाल्लंत?' मी म्हणालो, काही नाही, परीक्षा होती. तिने आपल्या खणातून बिस्किटांचा डबा काढला आणि माझ्यासमोर ठेवला. 'खा आधी. आजचे गुण मी धरत नाही. गुरुवारी या. रात्री झोपून, सकाळी जेवून, आणि चष्मा पुसून.' दिलेली परीक्षा रद्द करण्याचा अधिकार परीक्षकाला नसतो, असे मी तिला सांगितले. ती म्हणाली, 'आजोबा, मला तुमची स्मरणशक्ती तपासायचीय, तुमचा उपास नाही.' मी चार बिस्किटे खाल्ली. डब्याचे झाकण लावता लावता ती सहज बोलल्यासारखे बोलली, की लहान मुलांचंही हेच असतं. उपाशी, अर्धवट झोपलेलं पोर फळ्याकडे टक लावून बघतं आणि आपण म्हणतो, याचं लक्ष नाही. एवढे बोलून तिने पुढच्या माणसाला आत बोलावले.

गुरुवारी गेलो. आदल्या संध्याकाळी शिंप्याच्या बायकोने जेवायला बसवले, सकाळी अंडे आणि पाव वर पाठवला, आणि शिंप्याने माझा चष्मा आपल्या कापडाने पुसून दिला. म्हणाला, 'यातून तुम्हाला माणसं दिसायची की नुसत्या सावल्या?' डॉक्टरबाईने नवे पाच शब्द दिले. चार आठवले. वजाबाकी शेवटपर्यंत गेली. घड्याळात बारा एकदाच आले. सत्तावीस गुण. माणूस तोच, मेंदू तोच, मध्ये फक्त सहा दिवस गेलेले. वयाच्या मानाने ठीक आहे, सकाळचे खाणे चुकवू नका, असे तिने कागदावर लिहून दिले. शिंपी येताना बसमध्ये सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, सर पास झाले. मी खिडकीबाहेर पाहत होतो. मला तुझी आठवण आली असे लिहिणे सोपे आहे, पण ते खरे नाही. तू सातवीत असताना स्वयंपाकघराच्या भिंतीकडे कशी पाहत बसायचीस, तेवढेच डोळ्यांपुढे आले. त्या भिंतीवरही एक खिळा होता.

घरी आल्यावर तुझ्या आईचे कपाट उघडले. ती गेल्यापासून ते बंदच होते. खालच्या कप्प्यात, साड्यांच्या मागे, तुझ्या सरावपरीक्षांच्या उत्तरपत्रिका सुतळीने बांधून ठेवलेल्या सापडल्या. दहावीच्या वर्षी दर रविवारी सकाळी सहा ते नऊ मी तुझी परीक्षा घेत असे, त्या. एकूण एक्केचाळीस. लाल शाईतले गुण माझे. प्रत्येक पत्रिकेच्या मागच्या पानावर, कोपऱ्यात, पेन्सिलीने तुझ्या आईचे अक्षर होते. काही ठिकाणी 'खाल्लं' आणि काही ठिकाणी 'नाही'. दुसरे काहीही नाही. मी खुर्ची ओढून बसलो आणि त्यांचे दोन गठ्ठे केले. 'खाल्लं' लिहिलेल्या तेवीस, 'नाही' लिहिलेल्या अठरा. पहिल्या गठ्ठ्यात पंचाहत्तरच्या खाली गुण जवळजवळ नाहीतच. दुसऱ्या गठ्ठ्यात साठच्या वर फक्त दोनदा. दुसऱ्या गठ्ठ्यातले अक्षर पाचव्या प्रश्नापासून ओळ सोडून खाली उतरत जाते आणि शेवटची दोन पाने कोरी असतात. त्या कोऱ्या पानांवर मी जागोजाग 'आळस' असे लिहिले आहे.

ही गोष्ट तिने मला दाखवली नव्हती, असे समजू नकोस. त्याच वर्षी एकदा ती चार-पाच पत्रिका घेऊन माझ्या टेबलापाशी आली होती. 'अहो, हे जरा बघता का?' एवढेच म्हणाली होती. मी मागचे पान पाहिले आणि उत्तरपत्रिका म्हणजे वाण्याची यादी नव्हे, तिच्यावर कोणी काही खरडायचे नाही, असे तिला सुनावले. ती म्हणाली, 'मुलगी आहे ती, भिंतीवरचं घड्याळ नाही, किल्ली दिली की चालायला.' मी वाचत असलेल्या पुस्तकात पुन्हा डोके घातले. मी अंघोळीला गेलो की ती तुला दारामागे उभी करून खाऊ घालत असे, हे मला त्या वेळी माहीत नव्हते. परीक्षेच्या दोन महिने आधी तुझ्या कंपासपेटीत मला बिस्किटांचा चुरा सापडला तेव्हा माहीत झाले. मी पेटी धुतली, उन्हात वाळवली आणि तेव्हापासून रोज सकाळी ती उघडून पाहू लागलो. अंघोळही धडा संपल्यावर करू लागलो. गठ्ठ्यातल्या शेवटच्या नऊ पत्रिकांवर ओळीने 'नाही' लिहिलेले आहे. तिने पेन्सिल मात्र सोडली नाही.

धडा झाल्यावर न्याहारी, रिकाम्या पोटी बुद्धी तल्लख राहते, हे मी शाळेत तीस वर्षे मुलांना सांगितले. पालकांच्या सभेत सांगितले. ते कोठून आले, याचा शोध घेण्याची मला कधी गरज वाटली नाही. मी शाळेत कायम पहिला आलो आणि मी उपाशी जात असे, या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. परंतु मी उपाशी जात असे, कारण आमच्या घरी सकाळचे खाणेच नव्हते. दुपारी एकदा शिजत असे. आम्ही सहा भावंडे, त्यांतली तीन शाळेत नापास होऊन कामाला लागली. तीही माझ्यासारखीच उपाशी जात होती. त्यांचा दाखला मी कधीच दिला नाही. घरात नव्हते त्याला मी शिस्त म्हणू लागलो, आणि घरात सगळे असताना ती शिस्त तुला लावली.

गणिताच्या पेपराला तू पहिले चार प्रश्न पूर्ण सोडवलेस आणि मग बाकावर डोके टेकलेस, असे पर्यवेक्षक नंतर मला भेटले तेव्हा म्हणाले होते. आठ गुणांनी तू नापास झालीस. तुला नकाशे काढायला शिकायचे होते. त्या अभ्यासक्रमाला गणित लागत होते. निकालाच्या दिवशी तुझा मामा आला होता आणि त्याच्यासमोर मी म्हणालो, हिची बुद्धीच बेताची, आपण तरी काय करणार. तू पाण्याचे पेले घेऊन दारात उभी होतीस. तू पेले ठेवलेस आणि हसलीस. पुढे हा विनोद तूच सांगू लागलीस. लग्न ठरवायला आलेल्या मंडळींनाही तूच सांगितलास. आता पोस्टाच्या खिडकीमागे बसून पार्सलांवर शिक्के मारतेस, ते काम चोख करतेस, आणि 'माझ्या डोक्याला एवढंच झेपतं, बाबा' असे दर पत्रात कुठेतरी लिहितेस. ते वाक्य व्याकरणदृष्ट्या बरोबर असते, म्हणून मी त्यावर कधी खूण केली नाही.

ठकीला माझ्याकडे शिकायला पाठवू नकोस. हे तुझ्या प्रश्नाचे उत्तर. सुट्टीत यायचे असेल तर दोघी या, पुस्तके घरी ठेवून या. उद्या सकाळी तिला भूक असेल तेवढे आधी खाऊ घाल, रात्री लवकर झोपू दे, आणि पाढे त्यानंतर विचार; चुकले तरी पेला काढून घेऊ नकोस. फोनवर हे बोलावे म्हणून मी चार वेळा तुझा क्रमांक फिरवला आणि दोनदा तू उचललासही, पण हवापाण्याच्या पुढे मला जाता आले नाही, म्हणून लिहितो आहे. एक्केचाळीस उत्तरपत्रिका या पाकिटासोबत वेगळ्या पार्सलने पाठवत आहे. त्या मागून उघडून पाहा आणि गुण त्यानंतर वाच. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त केल्या. ही माझी आहे आणि ती आता दुरुस्त होण्यासारखी नाही, पण तुझ्याकडून ठकीकडे गेलेली अजून दुरुस्त होण्यासारखी आहे, एवढ्यासाठीच हे पत्र. तू मठ्ठ नव्हतीस, चिऊ. तू उपाशी होतीस, आणि मी तुझ्या समोर बसलेलो होतो.

तुझाच,
उत्तर कितीही दिवसांनी आले तरी चालेल असे प्रथमच लिहिणारा,
बाबा