प्रीॲम्पच्या आतली चिठ्ठी

जळगाव
१२ जून २०२५

ती. स्व. तोताराममामांस,
किरणचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही नुसतं हो-हो करता आणि मग दोष फोनला देता, म्हणून म्हटलं पत्रच लिहावं. आता उत्तर टाळायला जागा नाही.

पगारातून साठवून मी स्पीकर आणि ॲम्प्लिफायर घेतला, ते भूपेंद्रदादाने घरी सांगितलं असेलच. आवाज स्वच्छ आहे, पण कोरडा. आग्रा रोडवरच्या तुमच्या दुकानात काचेच्या व्हॉल्व्हच्या जुन्या रेडिओतून जो भरलेला आवाज यायचा, तो येत नाही. म्हणून सीडी प्लेयर आणि ॲम्प्लिफायर यांच्यामध्ये बसवायला व्हॉल्व्हचा प्रीॲम्प घ्यायचाय. हाताशी दहा हजार आहेत, वर एक रुपया नाही. ऑनलाइन साडेतीन हजारांत एक छोटा मिळतो, त्याचे व्हॉल्व्ह निळे चमकतात, दिसायला फार देखणा! पुण्याच्या दुकानातला अठरा हजारांचा आहे, त्याचा फक्त फोटो बघून घेतला. आणि वरणगावचे नवलकाका आहेत, ऑर्डनन्स फॅक्टरीतून रिटायर झालेले. त्यांनी एक घरीच हाताने बनवलाय, आठ हजार म्हणतात.

कारखान्यात सगळे निळ्याच्या बाजूने आहेत. मी मात्र तुमच्या शब्दावर जाणार. आणि जो घेईन त्याच्या आत तुमची चिठ्ठी हवी. दुकानातून दुरुस्त होऊन निघणाऱ्या प्रत्येक रेडिओत चिकटवायचात ती, ‘ऐकून तपासले’ छापलेली आणि खाली तुमची सही. इथे ठिबकच्या नळ्या तपासून मी रोज कागदावर सही करते, तेव्हा तीच चिठ्ठी डोळ्यांसमोर असते.

मामींना नमस्कार. रागवा, पण लोभ कमी करू नका.

तुमची,
किरण

धुळे
१७ जून २०२५

चि. किरणला मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

अगं वेडे, व्हॉल्व्ह कधी निळा चमकतो का? तो तापून नारिंगी होतो. निळा उजेड खाली लावलेल्या दिव्याचा, नुसती मांडवातली रोषणाई! व्हॉल्व्हला दोन-अडीचशे व्होल्ट लागतात, आणि असल्या डब्या बारा-चोवीसवर भागवतात. उपाशी बैल रंगवून पोळ्याला उभा केला तरी नांगर ओढणार आहे का? तुझ्या कारखान्यातल्या शहाण्यांना सांग, मामा असं म्हणतो.

नवलचा डबा दोन्ही हातांनी उचलून बघ. चांगला जड लागला तर ट्रान्स्फॉर्मरमध्ये कंजूषपणा केलेला नाही. त्यातले व्हॉल्व्ह बाजारात अजून मिळतात का, तेही विचार. दोन्ही जमलं तर घे, आणि घासाघीस फार करू नकोस, हाताची मेहनत आहे. शनिवारी भूपेंद्र जळगावला येतोय. त्याच्यासोबत डबा माझ्याकडे पाठव. बाकी माझ्यावर सोड.

तुझी मामी म्हणते, पोरगी लग्नाचं सोडून डब्यांच्या मागे लागली. मी म्हटलं, भाची कोणाची शे!

आशीर्वाद आहेतच, ते मागावे लागत नाहीत.

तुझा मामा,
तोताराम

धुळे
२ जुलै २०२५

चि. किरणला अ. उ. आ.

डबा पोचला. नवलने जीव ओतलाय. सोल्डरचा एकेक टाका मोत्यासारखा, ट्रान्स्फॉर्मर दोन किलोचा. मी व्होल्ट मोजले, पेन्सिलीने व्हॉल्व्ह ठोकून बघितले. सगळ्या गल्लीला दाखवला, माझ्या भाचीने पारखून घेतलाय म्हणून! शेवटी चिठ्ठ्यांचा गठ्ठा ट्रंकेतून काढला आणि सहा वर्षांनी पहिली चिठ्ठी लावली. बठ्ठं बेस शे, सगळं उत्तम. उद्या भूपेंद्र आणून देईल.

आवाज कसा आहे ते सविस्तर लिही. आम्हाला विसरू नकोस.

तुझा मामा,
तोताराम

जळगाव
७ जुलै २०२५

ती. स्व. मामांस,
सा. न. वि. वि.

कसं लिहू कळत नाही. प्रीॲम्प लावला आणि खोलीत भुंगा शिरल्यासारखा घूं आवाज सुरू झाला. बारीकसारीक नाही मामा, शेजारच्या लताबाई विचारायला आल्या, मोटार लावली का म्हणून. व्हॉल्यूम बंद केला तरी तो तेवढाच. इनपुटच्या वायरी काढल्या तरी तेवढाच. डब्यात करंट उतरलेला नाही हे आधी टेस्टरने बघितलं, मग पत्र्यावर तळहात ठेवला, तर निम्मा झाला. हात काढला की पुन्हा सुरू.

चिठ्ठीवर ‘ऐकून तपासले’ आहे आणि खाली तुमची सही. म्हणून मला डब्यापेक्षा तुमची काळजी वाटते. मामा, फोन खराब नाहीत ना? तुम्हाला ऐकू येत नाही ना? माझ्यापासून लपवलंत, याचंच वाईट वाटतं.

रागवा, पण उत्तर द्या.

तुमची,
किरण

धुळे
११ जुलै २०२५

चि. किरणला अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं आणि दोन दिवस मी घरात सगळ्यांवर खेकसत होतो. तुझ्यावर नाही, स्वतःवर चिडलो होतो.

उजवा कान सात वर्षांपूर्वी गेला, डावा गेल्या दिवाळीपासून. दुकान गुडघ्यांमुळे बंद केलं असं गावभर सांगितलं. गुडघे ठणठणीत आहेत! डबा जोडून तपासला तेव्हा तुझी मामी बाजारात गेली होती, नाहीतर भुंगा ऐकून तिनेच घर डोक्यावर घेतलं असतं. चाळीस वर्षांत ऐकल्याशिवाय सही केली नव्हती पोरी. ही केली, कारण तुझ्यापुढे बहिरा ठरायचं नव्हतं. लाज वाटते. ती चिठ्ठी फाडून टाक.

आता कामाचं. तू जे लिहिलंस त्यात सगळं आलं. असा बारकाईने दोष सांगणारं गिऱ्हाईक मला जन्मात भेटलं नाही. हात ठेवल्यावर कमी होतो, म्हणजे अर्थिंगची वायर पत्र्याला नीट भिडलेली नाही. नवलने डबा आतून-बाहेरून हिरवा रंगवलाय, त्या वायरीचा नट रंगावरच बसला असणार. प्लग काढून अर्धा तास थांब, आत व्होल्ट साठलेले असतात. आधी मीटर लावून बघ. आत एकच हात घाल, दुसरा खिशात ठेव, म्हणजे करंट छातीतून जाणार नाही, हे विसरू नकोस. नटाखालचा रंग पॉलिश पेपरने पत्रा चमकेपर्यंत घास आणि नट घट्ट आवळ.

कळव. वाट बघतोय.

तुझा मामा,
तोताराम

जळगाव
१६ जुलै २०२५

ती. स्व. मामांस,
सा. न. वि. वि.

गेला! भुंगा गेला! रुपयाएवढा रंग घासला आणि खोली एकदम शांत झाली. नवलकाकांना सांगितलं तर ते ओशाळले. डबा मुलीच्या घरी जातोय, नवा दिसावा म्हणून वाजवून बघितल्यावर सगळं सोडून शेवटी रंगाचा हात मारला होता म्हणे.

मग तुम्ही कानबाईच्या सणाला टेपवर केलेलं आणि मी सीडीवर उतरवून घेतलेलं गाण्यांचं रेकॉर्डिंग लावलं. मामींचा आवाज इतका जवळून आला की मी उठून उभी राहिले. बायकांच्या बांगड्या वाजतात, आणि दोन गाण्यांच्या मध्ये तुम्ही सगळ्यांवर ओरडता, गप्प बसा, टेप चालू शे म्हणून. मी हसत होते आणि रडतही होते.

चिठ्ठी फाडली नाही, फाडणार नाही. नव्वद किलोमीटर लांब बसून, न ऐकता, नुसत्या पत्रावरून दोष शोधणारा कारागीर माझा मामा आहे, हे मी कारखान्यात सगळ्यांना सांगितलं. तुमच्या सहीखाली मी लिहिलंय, हात तोतारामचे, कान किरणचे. आणि माझी सही केली. आता ती चिठ्ठी खरी आहे.

जळगावला कानाच्या मशीनचं चांगलं दुकान आहे. एकदा याल ना? हट्ट धरलाय, तो पुरवावा.

तुमची,
किरण

धुळे
२१ जुलै २०२५

चि. किरणला मामाचे भरभरून आशीर्वाद.

तुझं पत्र मामीला मोठ्याने वाचून दाखवलं. नंतर ओट्यावर बसून गल्लीतल्या निंबाला, छगनला, येईल त्याला वाचून दाखवलं. मामा बहिरा आहे हे आता गल्लीला कळलं, पण त्याआधी भाची कशी आहे ते कळलं. छाती एवढी फुगली की सदऱ्याचं बटण लागेना.

भूपेंद्रसोबत ट्रंकेतला चिठ्ठ्यांचा उरलेला गठ्ठा पाठवतोय, शंभरेक असतील. वर माझ्या दुकानाचं नाव छापलंय, ते तसंच राहू दे. खाली सही तुझी.

शनिवारी मशीन बघायला येतो. पण आधी तू तपास. गठ्ठ्यातली पहिली चिठ्ठी त्याच्या डबीत लाव, मगच मी ते कानात घालीन.

तुझा अभिमानी मामा,
तोताराम