भनपुरीचा पालक

रायपूर

आईस सविनय जयभीम,

मी बरी आहे. शहराचं सांडपाणी शुद्ध करून त्यावर आम्ही इथे भनपुरीच्या प्रकल्पात मातीशिवाय पालक वाढवतो. पानं हिरवीगार येतात.

पण पाण्याच्या तपासणीच्या सकाळीच टाकीत सांडपाण्याऐवजी बोअरचं पाणी सोडतात. पंपावरच्या भैय्यालालला विचारलं, "फुकटची जुडी घरी काहून नेत नाही, भैया?"

"हमारे यहाँ कोई पालक नहीं खाता, दीदी."

दुपारी त्याच्या डब्यात बाजारच्या पालकाची डाळ होती.

आपला यशदीप मला भेटायला येईल तेव्हा त्याच्यासोबत वहिनीसाठी पालक पाठवणार नाही. तिला दिवस गेलेत. तिच्या उलट्या थांबल्या का?

उद्या कुणाला न सांगता मी स्वतः पाण्याचा नमुना घेणार आहे. सुट्टीआधीच सामानासकट घरी आले, तर बाबांना तू समजाव.

तुझी,
चेतना