घागरमाळा खुंटीवर

जानरावदादाले दंडवत.

गावात पत्र वाचून दाखवणारा एकटा पुजारीच, आन् मले आता त्याचाबी भरवसा नाही. म्हणून हे पत्र अमरावतीतच माया पेटीत राहीन.

तू सर्वायले सांगून राहिला, का मशिदीतून देवीच्या पालखीवर दगड आला, लोकायचं रक्त तापलं आन् त्या दंग्यात रसूलभाई मेला. दगड मीबी पाह्यला. कुठून आला, ते मात्र फक्त पुजाऱ्यालेच दिसलं. तरी मी पेटलो. काठी आणाले घराकडं पळालो. देवीसाठी मी त्या सांजी कोणाचंबी डोस्कं फोडलं असतं, खोटं कायले बोलू?

पण रसूलभाई मशिदीपाशी नोताच. तो गावाबाहेर, त्याच्या कापसाच्या गंजीपाशी मेलेला सापडला. आन् गंजी साफ, सारा कापूस नेलेला. विलायतवाले कापसाले सोन्याचा भाव देऊन राहिले, हे तुले मायापेक्षा जास्त ठाऊक. दरसाल देवीच्या वातीले पह्यला कापूस त्याच गंजीतून येत होता, दादा. तो कायले आपल्या देवीवर दगड फेकीन?

मी देवीपायी धावलो. तू कशापायी?

काठीसाठी गोठ्यात गेलो, तं आपले बैल नोते, बैलबंडी नोती. सणाच्या घागरमाळा सकाळी मीच बैलायच्या गळ्यात बांधल्या होत्या. त्या खुंटीवर लटकून होत्या. वाटेनं वाजू नये म्हणून काढल्या ना? दगड पडून चिलीम भरायइतकाबी वेळ झाला नोता. मंग दगड येणार, हे तुले आधीच कोणं सांगतलं?

तुया लहान भाऊ,
सहदेव