शेडला किती धरायचे?

बेहाला, कलकत्ता
९ एप्रिल १९७३

चि. दिगंबर यास शकूताईचे अनेक आशीर्वाद.

तुझी पाठ कशी आहे ते आधी कळव, म्हणजे तुला किती रागवायचं ते ठरवता येईल. वृंदाचं पत्र पोचलं. तुझ्या बायकोने तीन पानं लिहिली आणि तू खाली ‘सर्व ठीक, दि.’ एवढंच खरडलंस. सरकारी रस्त्यावर खडी टाकताना तरी तुझा हात इतका आखडत नसेल. (की आखडतो? वाईचे रस्ते पाहून तसं वाटतं खरं.) इकडे आम्ही बरे. ह्यांचा दमा ऊन तापल्यापासून गप्प आहे. लीनाचं कॉलेज कधी चालू, कधी बंद, आणि तिचं मराठी म्हणशील तर काल मला म्हणाली, ‘आई, मला भूक पावली नाही.’ बंगालीत भूक पावते म्हणे. देवीसारखी. असो.

पत्राचं कारण शेड. तू बांधकाम खात्यातला ओव्हरसियर, म्हणून विचारते: मागच्या बागेत दहा बाय आठची एक शेड बांधायची, तर किती रुपये धरावेत? (बाग या शब्दावर जाऊ नकोस. दोन जास्वंदी, एक पपई आणि बाकी चिखल.) शेड हवी ती खोक्यांसाठी. पुण्याहून बदली झाली तेव्हा सामानाची अकरा देवदारी खोकी केली होती आणि तूच त्यांच्यावर काळ्या रंगाने आकडे घातले होतेस. सात दोनदा घातलास, त्यामुळे आमच्याकडे अकरा नंबरचं खोकंच नाही. हे गोदीच्या ऑफिसात हिशोब तपासनीस, पण तुझी ही चूक त्यांनी दहा वर्षं पोटात ठेवली आहे, एवढं त्यांचं तुझ्यावर प्रेम. बदली तीन वर्षांची होती. बदलीच्या माणसाने खोकी मोडायची नसतात, परत जाताना लागतात, हे आमच्यातलं शास्त्र. तेव्हापासून ती मागच्या व्हरांड्यात उभी आहेत. आम्ही मोठं कपाट घेतलं नाही, कारण ते खोक्यात मावलं नसतं. जेवायचं टेबल नाही ते त्याचमुळे. लीनाने गाणं शिकायला पेटी मागितली तेव्हा मी आधी पट्टी घेऊन चार नंबरचं खोकं मोजून आले. गेल्या पावसाळ्यात व्हरांड्यात घोटाभर पाणी चढलं, दोन खोक्यांना वाळवी लागली, आणि मी हट्टाला पेटले की बागेत उंचावर शेड पाहिजे.

ह्यांनी ऑफिसच्या शिस्तीने हरिपद मिस्त्रीकडून तीन अंदाज घेतले. बांबू, चटया आणि वर कौलं, अडीचशे रुपये, तीन वर्षं टिकेल. लाकूड आणि पत्रा, चारशे, सात-आठ वर्षं. विटांची पक्की भिंत, नऊशे, नातवंडांच्या लग्नापर्यंत बघायला नको. मग ह्यांनी पेन्सिल सरसावून मला विचारलं, किती वर्षं धरायची? अरे, साधा प्रश्न. पण तीन म्हणून आलो त्याची दहा झाली. बदलीचा अर्ज दरवर्षी जातो आणि दरवर्षी विचाराधीन होतो. इतका विचार लोक मुलीच्या लग्नाचासुद्धा करत नाहीत. आता ह्यांच्या रिटायर होण्याला दोन वर्षं राहिली, म्हणून मी म्हटलं, दोन धरा. तर मिस्त्री म्हणाला, दोन वर्षांची शेड तो बांधत नाही, त्याला मांडव म्हणतात.

वरच्या मजल्यावर घरमालकीण राहतात, त्यांना सगळे माशीमा म्हणतात. (म्हणजे मावशी. घोंगावतात, पण चावत नाहीत.) त्यांचं म्हणणं, बांधायची तर विटांचीच बांधा, कारण तुम्ही जाल तेव्हा ती माझी होणार. आम्ही जाणार यावर अख्ख्या कलकत्त्यात विश्वास असलेली ही एकच बाई, म्हणून मला ती आवडते.

मला घरी यायचं आहे रे. इथली माणसं वाईट नाहीत. ह्यांच्या आजारपणात माशीमा दोन रात्री उशाशी बसल्या होत्या. पण दहा वर्षं झाली, मला भाजीवाल्याशी मराठीत भांडायला मिळालेलं नाही. हिंदीत भांडले की मी हरते, बंगालीत भांडले की तो हसतो आणि वर एक लिंबू देतो. लिंबू घेऊन घरी येताना मला इतकं एकटं वाटतं म्हणून सांगू!

तर काल रविवारी मिस्त्री जागा मोजायला आला. त्याने खोक्यांवर टकटक केलं आणि म्हणाला, बाबू, लाकूड कशाला विकत घेता? हीच मोडा. खिळे आणि मजुरी धरून साठ रुपयांत शेड उभी करतो. साठ म्हटल्यावर ह्यांचा चेहरा उजळला. मग शेडमध्ये ठेवायचं काय, हे त्या दोन शहाण्यांपैकी एकाच्याही डोक्यात येईना. मिस्त्रीने पहार उचलली, तशी मी जाऊन एक नंबरच्या खोक्यावर बसले. साडेनऊला बसले ती उठलेच नाही. माशीमा आपला मोडा (वेताचं बुटकं आसन) घेऊन खाली आल्या आणि समोर बसून त्यांनी अख्खी गल्ली बोलावली. साडेबाराला त्यांनीच वरून डाळभात आणून दिला, तो मी खोक्यावरच जेवले. शेवटी ह्यांनी मिस्त्रीला वाटेला लावलं, गर्दी पांगवली आणि माझ्याशेजारी दोन नंबरच्या खोक्यावर येऊन बसले. मग हळूच म्हणाले, “खोकी मोडत नाही. पण परत जायचं, तर ती उतरवायची कुठे?”

दिगंबर, ह्यांचं कोकणातलं घर चुलतभावांनी केव्हाच वाटून घेतलं. पुण्यातली भाड्याची जागा आम्ही निघालो त्याच महिन्यात दुसऱ्याने घेतली. मी इतकी वर्षं खोकी सांभाळली आणि ती कुठे सोडायची याचा विचारच केला नव्हता. मी उतरले, पायाला मुंग्या आल्या होत्या, आणि आत जाऊन चहा टाकला.

तेव्हा किती धरावेत ते उलट टपाली कळव. मुलांना आशीर्वाद, वृंदाला सांग की तिच्या मसाल्याचा डबा तळाला गेला.

तुझी,
शकूताई

ता. क. तिकिटं संपली म्हणून पत्र चार दिवस पडून राहिलं. आता अंदाज पाठवू नकोस. काल गुरुवारी पाया खणला. नऊशेवाली, विटांची. हे म्हणाले, टिकेल तितकी टिकू दे. माशीमांनी शंख वाजवला.

आणखी एक. तुमच्या मागच्या खोलीतले मास्तर बदलून गेल्याचं वृंदाने लिहिलं आहे. ती खोली दुसऱ्या कोणाला देऊ नकोस. (ह्यांना अजून विचारलेलं नाही. सासुरवाडीत राहायचं म्हटलं की दोन दिवस जेवणार नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवतील.) एक नंबरचं खोकं सगळ्यांत मोठं, चौतीस इंच रुंद आहे. खोलीचं दार मोजून घे. दार लहान निघालं, तर मला कळवू नकोस. सुताराला बोलाव.