जहऱ्याच्या तळ्यावरचं जाळं

जहरा, कुवेत
शुक्रवार, १० डिसेंबर १९९९

प्रिय वीणाताई,

तुला आणि दाजींना नमस्कार. मी बरा आहे. लग्नपत्रिका पोचली. अक्षदाचं नाव छापलेलं पाहिलं आणि वाटलं, पोरगी एवढी मोठी झाली कधी!

इथं थंडी सुरू झालीय. अभयारण्याच्या तळ्यावर माझे पंप नीट चालू आहेत. यंदा थापट्या बदकं खूप उतरलीत. आपल्या चापडगावच्या पाण्यावर येतात ना, तीच. चौफेर वाळवंट, मध्ये एवढंच पाणी. दमलेला पक्षी दुसरीकडे जाणार कुठं?

फोनवर म्हणालो होतो, रजा मिळत नाही. ते खोटं होतं, ताई.

गेल्या महिन्यात सकाळी तळ्याकाठच्या बोरूच्या बेटात जाळं सापडलं. तीस-चाळीस बदकं अडकलेली, काही गळा आवळून मेलेली. मी आणि पहारेकरी कमल, बांगलादेशचा आहे तो, दोघांनी विळ्यानं जाळं कापलं. जिवंत होती ती सोडली. जाळं आमच्या ठेकेदाराच्या मेहुण्याचं निघालं. सरकारी चौकशी लागली तसं ठेकेदारानं मला ऑफिसात बोलावलं. माझा पासपोर्ट पहिल्या दिवसापासून त्याच्याच कपाटात.

"जाळं कमलनं लावलं, एवढं लिहून दे," तो म्हणाला. "पासपोर्ट घे आणि भाचीच्या लग्नाला जा."

"आणि नाही दिलं तर?"

"तर राहा इथंच."

मी सही केली.

पोलीस कमलला न्यायला आले तेव्हा तो ओरडत होता, "भाईसाब, बोलिए ना! हमने तो जाल काटा था!" मी पंपाच्या खोलीत आतून कडी लावून बसलो. गाडी गेली तरी बराच वेळ उठलो नाही.

पासपोर्ट मिळाला. मंगळवारचं तिकीटही आहे. पण उद्या पोलीस ठाण्यात जाऊन खरं सांगणार आहे. मग ठेकेदार मला जाऊ देणार नाही, आणि खोट्या जबाबासाठी पोलीसही ठेवून घेतील. किती दिवस, ठाऊक नाही.

अक्षदाला बोहल्यावर आणायला मामा लागेल. आपल्या राजनला सांग, तोही तिचा मामाच. तिनं कारण विचारलं तर हे पत्रच वाचायला दे. तिला मी फार चांगला माणूस वाटतो.

उद्या सकाळी माझी हिंमत गळेल, हे मला माहीत आहे. म्हणून पत्र आत्ताच पेटीत टाकतोय. एकदा तुला कळलं की मला मागं फिरता येणार नाही.

तुझा भाऊ म्हणवून घेण्यासाठी उद्या जाणारा,
शत्रुघ्न