हॉलवरचे कवेलू

बाबा, जगभरची मोठी लढाई संपल्यावर यंदा मी आपल्या गाण्याच्या हॉलवरचे टिनाचे पत्रे काढले आणि पुन्हा मातीचे कवेलू चढवले. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, तरी हे कोणाला सांगावं म्हटलं तर तुम्हीच आठवता.

तुमच्या वेळी दर वैशाखात नागरा गावचा कुंभार भावांना घेऊन छपरावर चढायचा. एकेक कवेलू उचलायचा, झटकायचा, फुटका बदलून पुन्हा बसवायचा. मला या दरसालच्या उस्तवारीचा भारी कंटाळा. तुम्ही ताईकडे दवनीवाड्याला महिनाभर गेलात, तेवढ्यात मी सगळं छप्पर उतरवून टिन ठोकलं आणि स्वतःला मोठा सुधारक समजू लागलो. दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेत गाणारे बुवा आले. त्यांनी पहिला आलाप घेतला आणि तो पत्र्यावर आपटून त्यांच्याच अंगावर परत आला. तुम्ही मधूनच उठलात. दारात मला म्हणालात, "गाणं नाही होऊन राहिलं इथं, भांडे घासून राहिले. कवेलू काऊन काढले रे?" मला राग आला होता, कारण तुमचं खरं होतं.

पुढे गाणारे येईनासे झाले आणि मी हॉलमध्ये धानाची पोती रचली. यंदा ती हलवायला काढली तेव्हा शेजारचे शेठ हसले. "गोदाम अच्छा चल रहा है, गाने से क्या मिलेगा?" मी पोती बाहेर काढत राहिलो. त्याचं उत्तर मंडईला समोरच दिसलं. कुंभाराच्या नातवांना उन्हाळाभर काम मिळालं होतं. हॉलबाहेर चिवड्याची, बांगड्यांची, पानाची दुकानं लागली, टांगेवाले स्टेशनच्या फेऱ्या मारून थकले. दरेकशाच्या जंगलातली माणसं चारोळी विकायला आली होती, ती परतीची गाडी सोडून गाण्याला बसली. शेठ त्याच सतरंजीवर होते. त्यांनी सरकून एका म्हातारीला जागा दिली. ती त्यांना म्हणाली, "आवाज कसा अंगाजवळ येऊन राहिला." शेठ मान डोलावत राहिले. गोदामाचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. तुम्ही हवे होतात, बाबा.

एवढं होऊनही एक गोष्ट मला सोडत नाही. शेवटच्या दुखण्यात तुम्ही विचारलंत, "कवेलू चढवले का?" मी म्हटलं, "चढवले बाबा. गाणं बी सुरूच आहे." तेव्हा हॉलमध्ये आढ्यापर्यंत धान होतं. तुमचा चेहरा उजळला. "मंग मले एक बार नेऊन बसव तिथं," म्हणालात. मी म्हटलं, थोडं बरं वाटू द्या. त्यानंतर तुम्ही दोनदा विचारलंत, आणि मी दोनदा तेच सांगितलं.

हे पत्र कुठे टाकणार, पेटीत ठेवून देतो. घरात सगळे अजून म्हणतात, तुमच्या तब्येतीला जपून मी तुम्हाला नेलं नाही. बाबा, तुम्हाला पोती दिसली असती, म्हणून नेलं नाही.